मुदत संपलेली औषधं आणि स्टेरॉइड्स: ठेवायची की टाकायची?

रानवारा:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या आईला ॲडिसन आहे, म्हणजे तिच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन तयार करत नाहीत. त्याची जागा भरायला रोज हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात. शिवाय उलट्या थांबेनात, खूप ताप चढला, अपघात झाला, तर टोचायला घरात हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं तातडीचं इंजेक्शन असतं. नऊ वर्षांत ते एकदाच लागलं. रविवारी तिचा औषधांचा खण आवरायला घेतला आणि तेच इंजेक्शन हातात आलं. तारीख बघितली तर मुदत संपून तीन महिने झालेले. तीन महिने आम्ही सगळे त्या खणाच्या भरवशावर निवांत झोपत होतो. पोटात गोळाच आला.

मग खण पूर्ण रिकामा केला. प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडची अर्धी स्ट्रिप निघाली, बाबांच्या जुन्या आजारपणातली, मुदत संपून दोन वर्षं झालेली. बीटामेथासोनच्या (तेही स्टेरॉइडच) मलमाची ट्यूब होती, तळापासून गुंडाळत आणलेली. दाबली तर आधी तेलकट पाण्याचा थेंब आला आणि मग मलम. ॲस्पिरिनची बाटली. कोरड्या पावडरचा स्टेरॉइडचा इनहेलर. आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची कुपी, ती कधी उघडली होती ते कुणालाच आठवत नाही.

दादाचं म्हणणं, तारीख हा कंपन्यांचा धंदा आहे, गोळी काही त्या रात्री बारा वाजता मरत नाही. वहिनीचं म्हणणं, सगळं आजच्या आज फेकून द्या. दोघंही ठामपणे बोलतात आणि मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. जाणकारांनी कृपया सांगावं. विशेषतः स्टेरॉइड्सबद्दल, कारण आमच्या घरात ते चैनीचं औषध नाही, आईचा जीव त्यावर आहे.

पिंपळपान:

फेकून द्या. विषाची परीक्षा कशाला घ्यायची? आईची तब्येत नाजूक असताना तर अजिबात धोका पत्करू नका.

दुपारसावली:

पिंपळपान, काळजी कळते, पण "विष" हा शब्द इथे बसत नाही. मुदत संपलेलं औषध विषारी होतं हा समज फार पसरलाय आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत तो खरा नाही.

अमेरिकी लष्कराकडे औषधांचे प्रचंड साठे असतात. दर दोन-तीन वर्षांनी ते नष्ट करून नवे घेणं परवडेना, म्हणून १९८६ मध्ये त्यांनी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाबरोबर एक कार्यक्रम सुरू केला. मुदत संपत आलेले साठे प्रयोगशाळेत तपासायचे आणि चांगले निघाले तर मुदत वाढवायची. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. १२२ औषधं, ३,००५ बॅचेस. त्यातल्या ८८ टक्के बॅचेसची मुदत किमान एक वर्ष वाढवता आली आणि सरासरी वाढ निघाली ६६ महिने. म्हणजे साडेपाच वर्षं!

त्याहून नवल वाटावं असा अभ्यास २०१२ चा आहे. एका फार्मसीत सीलबंद डब्यांतली अशी औषधं सापडली, ज्यांची मुदत संपून २८ ते ४० वर्षं झाली होती. तपासलेल्या १४ घटकांपैकी १२ घटक लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाच्या ९० टक्के किंवा त्याहून जास्त शाबूत निघाले. तेव्हा दादांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

रानवारा:

दुपारसावली, हे वाचून जरा हायसं वाटलं. पण जे दोन घटक कमी भरले ते कोणते होते?

दुपारसावली:

ॲस्पिरिन आणि ॲम्फेटामिन (मेंदूला उत्तेजन देणारं औषध).

रानवारा:

ॲस्पिरिन! आत्ता उठून आमची बाटली उघडली. झाकण काढल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात गेला. गोळ्या दिसायला पांढऱ्याशुभ्र आहेत, पण दोन-तीन गोळ्यांच्या कडांना बारीक चमकदार सुया फुटल्यासारख्या दिसतात. हे काय आहे?

खलबत्ता:

मी फार्मासिस्ट आहे, अठरा वर्षं याच कामात. रानवारा ताई, तुम्ही वास घेतलात ते उत्तम केलंत, कारण त्या वासात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. ॲस्पिरिनला ओलावा लागला की त्याचे दोन तुकडे होतात: सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल. व्हिनेगरचा वास त्या दुसऱ्याचा. कडेला फुटलेल्या सुया बहुधा पहिल्याचे स्फटिक आहेत. ती बाटली आता घरात ठेवू नका. छातीत कळ आल्यावर कुणी भरवशाने ती गोळी चघळली आणि गोळीत ॲस्पिरिन उरलंच नसेल, तर भरवसा फुकट जातो.

आता मुदत म्हणजे नेमकं काय. कंपनी औषध बाजारात आणण्याआधी ते ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं ठेवून मधूनमधून तपासते. काही नमुने मुद्दाम हाल करून बघतात, ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने. या सगळ्यावरून ती सांगते, की या तारखेपर्यंत औषध लेबलप्रमाणे राहील याची आमची हमी. बहुतेक औषधांसाठी ही रेघ साधारण ९० टक्क्यांवर असते. पुढे काय होईल ते कंपनीने पाहिलेलंच नसतं, कारण तिला तेवढ्यापुरतंच सिद्ध करायचं होतं. त्यामुळे तारीख उलटली म्हणजे औषध मेलं असं नाही. हमी संपली, एवढंच. आणि नुसता महिना-वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरायचं.

पण दुपारसावली यांनी दिलेल्या आकड्यांमध्ये एक गोष्ट सगळेच विसरतात, आणि मला ती दर वेळी जीव तोडून सांगावी लागते. लष्कराची ती औषधं मूळ सीलबंद वेष्टनात, तापमान सांभाळलेल्या गोदामांत होती. आपल्या खणातली औषधं तशी असतात का? बाथरूममधलं कपाट, जिथे रोज वाफ साचते. शेगडीच्या वरची फळी. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड. शिवाय आपण स्ट्रिपमधून गोळ्या काढून डबीत भरतो, बाटलीतली सिलिका जेलची पुडी कचरा समजून फेकतो. ती हमी हे सगळं धरून दिलेलीच नाही. नीट न ठेवलेलं औषध तारखेच्या आतसुद्धा बिघडतं.

आणखी एक. त्याच अभ्यासात एकाच औषधाच्या वेगवेगळ्या बॅचेसमध्येही फरक निघाला होता. तुमच्या हातातली बॅच कुठली, हे घरी बसून कळायला मार्ग नाही.

"विषारी होत नाही" या वाक्यालाही अपवाद आहेत. १९६३ मध्ये जुनं, खराब झालेलं टेट्रासायक्लिन (एक अँटिबायोटिक) घेतलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद झाली. ज्या मिश्रणामुळे ते घडलं ते मिश्रण नंतर बदललं गेलं, पण घडलं होतं हे खरं. अलीकडचं उदाहरण रॅनिटिडीनचं. त्यात एनडीएमए हा कर्करोगाला कारण ठरू शकणारा घटक साठवणीत वाढत जातो, आणि उष्णतेत जास्तच, हे लक्षात आल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. ॲसिडिटीची साधी गोळी म्हणून किती घरांत पडून होती ती.

पिंपळपान:

म्हणजे मी सांगितलं ते बरोबरच होतं.

खलबत्ता:

अर्धं बरोबर. डोकेदुखीची कोरडी गोळी दोन महिने जुनी निघाली तर फार तर डोकं थोडं जास्त वेळ दुखेल. पण जी औषधं कमी पडली तर जीवावर बेततं, तिथे मी एक दिवससुद्धा सूट देत नाही. इन्सुलिन. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायचं नायट्रोग्लिसरीन, जे मुळातच उडून जाणारं आहे आणि मूळ काचेच्या बाटलीतून काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवलं की आणखी झपाट्याने जातं. फिट्सची औषधं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन. थायरॉइडची गोळी, जिचं प्रमाण ९० टक्क्यांवर आलेलंही चालत नाही म्हणून अमेरिकेत २००७ मध्ये तिची मर्यादा आवळून ९५ ते १०५ टक्के केली. पाणी घालून तयार केलेली अँटिबायोटिकची बाटली तर आठवडा-दोन आठवड्यांतच संपते, वर छापलेली तारीख पावडरची असते, हे आईवडिलांना पटवता पटवता माझा घसा बसतो.

उंबरठा:

रानवारा, मला स्वतःला ॲडिसन आहे, चौदा वर्षं. तुमच्या पोटात आलेला गोळा मी ओळखतो. म्हणून इंजेक्शनबद्दल मी लिहितो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

दोन वर्षांपूर्वी प्रवासात मला रात्री उलट्या सुरू झाल्या. पहिली गोळी पडली, दुसरी पडली. पाय गार, डोळ्यांपुढे अंधारी. बायकोने पिशवीतून किट काढलं तर त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली. ते बदलायचं राहिलं होतं ते माझ्याच हातून. तिने दिव्याखाली धरून बघितलं. दोन कप्प्यांच्या कुपीत वर पाणी, खाली पांढरी पावडर, मध्ये बूच. पावडर कोरडी, गठ्ठा न झालेली. तिने वरचं झाकण दाबलं, बूच खाली गेलं, कुपी हलक्या हाताने उलटीसुलटी केली. अर्ध्या मिनिटात द्रावण पाण्यासारखं स्वच्छ झालं. तिने मांडीत टोचलं आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात पुन्हा डोस मिळाला आणि मी सावरलो.

नंतर डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण दोन्ही वाक्यं महत्त्वाची आहेत. "दुसरं काहीच हाताशी नसेल आणि द्रावण स्वच्छ असेल, तर जुनं इंजेक्शन न देण्यापेक्षा देणं चांगलं. पण जुनं इंजेक्शन घरात ठेवणं म्हणजे हाताशी काहीतरी आहे असं स्वतःला फसवणं." संकटाच्या क्षणी तारखेवरून वाद घालत बसायचं नाही, आणि संकट नसताना तारखेला सूट द्यायची नाही.

म्हणून आजच नवीन आणा. नवीन हातात येईपर्यंत जुनं फेकू नका. आल्यावर जुनं सरावासाठी ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरात "सराव" लिहून वेगळ्या जागी. माझ्या मुलीने, बायकोने, भावाने, तिघांनी जुनी किट्स फोडून मिसळायचा आणि ओढून घ्यायचा सराव केलाय. त्या रात्री बायकोचे हात थरथरले नाहीत ते त्यामुळेच. अर्थात सरावात टोचायचं ते स्पंजला किंवा उशीला.

रानवारा:

उंबरठा, वाचताना डोळे भरून आले. तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. आज संध्याकाळीच डॉक्टरांना फोन करते. सरावाची कल्पना आम्हाला नऊ वर्षांत सुचली नव्हती. ते इंजेक्शन लागलं तेव्हा शेजारी नर्स राहत होत्या म्हणून निभावलं.

पिंपळपान:

उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून माझं मत बदललं, तसं कळवते. माझ्या भाच्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी ॲड्रेनालिनचं पेन, म्हणजे तातडीने टोचायचं तयार इंजेक्शन, असतं. त्याचीही मुदत उलटलेली असेल तर काय, हा प्रश्न आता पडलाय. तिथे "फेकून द्या" एवढं पुरणार नाही.

दुपारसावली:

त्यावरही अभ्यास झालाय, २०१७ चा. मुदत संपून १ ते ५० महिने झालेली ४० न वापरलेली पेनं तपासली. सगळ्यांमध्ये किमान ८० टक्के औषध शिल्लक होतं, आणि मोठ्यांच्या पेनांपैकी ६५ टक्के पेनांत ९० टक्क्यांच्या वर. २०१८ मध्ये पेनांचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत ठरावीक बॅचेसची मुदत अधिकृतपणे चार महिने वाढवली होती. म्हणजे दुसरं नसेल तर जुनं वापरायचं आणि लगेच रुग्णालय गाठायचं. पेनाच्या खिडकीतून द्रावण बघत जा, तपकिरी किंवा गढूळ झालं असेल तर ते बदलायलाच हवं. नियम उंबरठा यांचाच.

चांदणवेल:

मलमाबद्दल मी लिहिते, कारण त्यात माझे हात पोळलेत.

मला लहानपणापासून इसब आहे. घरात बीटामेथासोनची ट्यूब कायम असायची. तीन वर्षांपूर्वी मांडीवर गोल, लाल, खाजरा चट्टा आला. मी जुनी ट्यूब काढली. मुदत संपून सहा महिने झाले होते. "जुनं आहे, थोडं जास्त लावू" असं म्हणून दिवसातून तीनदा लावत गेले. खाज लगेच कमी झाली, म्हणून औषध चांगलं आहे असंच वाटलं. तीन आठवड्यांत तो चट्टा तळहाताएवढा झाला, आणि कडा इतक्या पुसट झाल्या की त्वचारोगतज्ज्ञांनाही खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागलं. तो गजकर्ण होता, म्हणजे बुरशी. स्टेरॉइडने खाज दाबली आणि खाली बुरशीला मोकळं रान मिळालं. बरं व्हायला चार महिने गेले.

माझ्या मलमात दोष नव्हता. ते काम करत होतं म्हणूनच घोळ झाला. जुनं स्टेरॉइड निकामी झालं असेल याची आपण काळजी करतो, पण ते चालत असेल आणि चुकीच्या आजाराला लावलं जात असेल याची कुणी करत नाही. रानवारा, तुमच्या खणातल्या अर्ध्या प्रेडनिसोलोनच्या स्ट्रिपबद्दल मला तेच म्हणायचंय. ती बाबांच्या त्या वेळच्या आजारासाठी होती. पुढे कुणाला तरी खोकला येईल, सांधे धरतील, आणि "ही गोळी घेतली की बाबांना बरं वाटायचं" असं म्हणून कुणीतरी ती घेईल.

खलबत्ता:

चांदणवेल यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतले नऊ जण तारखेबद्दल विचारतात. ही शिल्लक कुणासाठी आणि कशासाठी ठेवलीय, हे एखादाच विचारतो.

प्रेडनिसोलोनची कोरडी गोळी, न फोडलेल्या स्ट्रिपमध्ये, तशी टिकाऊ असते. तिच्या गुणाबद्दल मला फारशी शंका नाही. पण स्टेरॉइड पोटात गेलं की साखर वाढते, रक्तदाब वाढतो, ताप झाकला जातो आणि आत शिजणारा संसर्ग उशिरा कळतो. तीन आठवड्यांहून जास्त घेतलं तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंद करतं, आणि मग गोळ्या संपल्या म्हणून एकदम थांबवल्या की जो त्रास होतो तो ताईंच्या आईंच्या आजाराचाच भाऊ. अर्ध्या स्ट्रिपवर कुणी स्वतःहून उपचार सुरू केले तर ती कुठेतरी मध्येच संपणार, हे उघड आहे.

ज्यांना स्टेरॉइड रोजचंच आहे, आईंसारखं, त्यांचा हिशोब वेगळा. तिथे १०० मधले ९० मिळणं म्हणजे रोजचं रेशन कमी होणं, आणि ते हळूहळू अंगावर येतं: थकवा, मळमळ, वजन उतरणं. रोजच्या औषधाचा साठा फिरता ठेवा. नवीन आलं की मागे, जुनं पुढे.

मलमाची गंमत अशी, की बीटामेथासोन व्हॅलरेटचा रेणू साठवणीत स्वतःचं रूप बदलतो. १७ क्रमांकाच्या जागी चिकटलेला गट सरकून २१ क्रमांकावर जातो, आणि तो नवा रेणू बराच कमजोर असतो. आम्लता बिघडली की हे सरकणं वेग घेतं. म्हणून ट्यूबमधलं मलम स्वतःच्या मनाने दुसऱ्या क्रीममध्ये कालवून डबीत भरून ठेवू नका. अनेकजण "सौम्य व्हावं" म्हणून तसं करतात. ताईंच्या ट्यूबमधून आधी पाणी आणि मग मलम आलं, म्हणजे तेल आणि पाणी फुटलंय. आता एका बोटावर औषध जास्त येईल, दुसऱ्यावर येणारच नाही. तारीख न बघताही ती टाकण्यालायक आहे.

डोळ्यांचे थेंब: उघडल्यावर चार आठवडे, ही बहुतेक कुप्यांची मर्यादा. प्रश्न जंतूंचा आहे. त्यात स्टेरॉइड असेल तर आणखी जपा. डोळ्यावर नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा व्रण असताना स्टेरॉइडचा थेंब पडला तर नजर जाऊ शकते. कुपी टाका.

लोखंडी_पहाट:

मी थोडा वेगळा प्रश्न विचारतोय, कृपया रागावू नका. मी जिमला जातो. तिथल्या एका मित्राने टेस्टोस्टेरॉनच्या तेलातल्या इंजेक्शनची कुपी दिलीय. त्याने अर्धी वापरून ठेवून दिली होती. तारीख अजून चार महिने पुढची आहे, पण तळाशी खडीसाखरेसारखे कण बसलेत. मित्र म्हणतो कोमट पाण्यात धर, विरघळतील. मुदतीच्या आत आहे म्हणजे चालेल ना?

खलबत्ता:

रागावत नाही, उलट टोचण्याआधी विचारलंत याचं बरं वाटलं.

आधी एक खुलासा, कारण या धाग्यावर दोन्ही गोष्टी एकाच शब्दाखाली आल्यात. प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिसोन हे एक कुटुंब, सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारं. टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं हे दुसरं. नाव एक, काम वेगळं.

कणांबद्दल मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. तेलातलं टेस्टोस्टेरॉन थंडीत स्फटिक धरतं, आणि कोमट करून हलवलं की विरघळतं, असं कंपनीच्या माहितीपत्रकातही असतं. पण ते बाटलीबंद, खात्रीच्या कुपीसाठी. तुमच्या कुपीचं बूच आधीच टोचलेलं आहे. अनेक डोसांची कुपी पहिल्या टोचणीनंतर २८ दिवसांत टाकायची असते, वरची तारीख पाच वर्षं पुढची असली तरी. मित्राने कोणती सुई वापरली, एकच सुई दोनदा घातली का, हे तुम्हाला ठाऊक नाही. आत गेलेले जंतू तेलात दिसत नाहीत. ते मांडीत गळू होऊन दिसतात, आणि सुईवाटे हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्हीही जातात.

आणि ती कुपी मुळात कुठून आली? चोरट्या मार्गाने आलेल्या कुपीवरची तारीखही ज्याने लेबल छापलं त्यानेच ठरवलेली असते. तिच्यामागे ४० अंशांतले सहा महिने नाहीत.

उंबरठा:

लोखंडी पहाट, तुझ्यापेक्षा वयाने मोठा म्हणून सांगतो. माझ्या शरीराने एक हार्मोन बनवणं बंद केलं, त्यात माझा काही इलाज नव्हता. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की तुझं शरीरही स्वतःचं बनवणं कमी करतं, शुक्राणू घटतात, आणि थांबवल्यावर पूर्ववत व्हायला महिनोन्‌महिने लागू शकतात. गोळीच्या वेळेवर आयुष्य बांधलेलं असणं काय असतं हे मी रोज बघतो. ती कुपी टोचू नकोस. खरंच कमतरता वाटत असेल तर सकाळी रक्त तपासून घे, डॉक्टरांशी बोल.

लोखंडी_पहाट:

नाही टोचणार. २८ दिवसांचं माहीतच नव्हतं. मित्रालाही हा धागा पाठवतोय, त्याच्या दंडाला गेल्या महिन्यात गाठ आली होती आणि तो ती "तेल बसलंय" म्हणत होता.

खलबत्ता:

त्यांना आजच डॉक्टरकडे न्या. गाठ गरम, लाल, दुखरी असेल किंवा ताप असेल तर उद्यावर टाकू नका.

गारवेल:

इनहेलरचं राहिलं. मला दमा आहे. कोरड्या पावडरच्या इनहेलरला दोन मुदती असतात आणि दुसरी लोकांना दिसतच नाही. एक डब्यावरची. दुसरी पाऊच फोडल्यापासून सुरू होते. फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉलचा चकतीच्या आकाराचा इनहेलर पाऊच फोडल्यावर एक महिन्यात टाकायचा असतो. इतर प्रकारांत ही मुदत वेगळी, त्यांच्या कागदावर लिहिलेली असते. पावडर ओलावा ओढून गुठळ्या धरते आणि फुप्फुसात खोलवर जायच्या ऐवजी घशात चिकटते. ओढताना चव येते, म्हणून औषध मिळालं असं वाटतं, आणि दमा मात्र हळूहळू हाताबाहेर जातो.

मी पाऊच फोडला की इनहेलरवर मार्करने तारीख लिहिते. फवाऱ्याच्या अनेक इनहेलरना आकडा दाखवणारी खिडकी असते. ती शून्यावर आली की नुसता वायू फवारतो, आवाज तोच येतो. हलवून "अजून आहे" असं ठरवू नका.

रानवारा:

गारवेल, आत्ता बघितलं. आमच्या इनहेलरची डब्यावरची मुदत अजून सात महिने आहे. पाऊच कधी फोडला ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे खणातली सगळ्यात "नवी" समजलेली वस्तूच सगळ्यात बेभरवशाची निघाली.

आता हे सगळं टाकायचं कुठे? बेसिनमध्ये ओतू नये एवढं ऐकलंय.

खलबत्ता:

बेसिनमध्ये आणि संडासात नको. औषधं पाण्यात उतरतात, आणि हार्मोनांचे व अँटिबायोटिक्सचे अंश पाण्यातल्या जीवांना त्रास देतात. फार्मसी किंवा रुग्णालय जुनी औषधं परत घेत असेल तर तो सगळ्यात चांगला मार्ग. नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढा, मातीत किंवा भुशात कालवा, म्हणजे मूल किंवा जनावर तोंडात घालणार नाही. मग घट्ट बंद पिशवीत घालून कचऱ्यात. वेष्टनावरचं नाव खोडा. फवाऱ्याच्या इनहेलरचा डबा जाळू नका, फुटतो. सुया जाड, बंद डब्यात, आणि तो डबा रुग्णालयात.

पिंपळपान:

पहिला प्रतिसाद मी घाईत दिला होता. भाच्याचं पेन बघितलं, मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. बहिणीने नवीन सांगून ठेवलं, आणि फोनमध्ये दोन महिने आधीची आठवण लावली.

रानवारा:

मंडळी, कळवते.

नवीन इंजेक्शन काल मिळालं. एक नाही, दोन. एक घरात, एक आईच्या पर्समध्ये. दोन्हींच्या डब्यांवर लाल शाईने संपायचा महिना लिहिला आणि तोच महिना दादाच्या, वहिनीच्या आणि माझ्या फोनमध्ये घातला. तिघांच्याही, कारण एकाच्या भरवशावर राहून काय झालं ते बघितलंच.

ॲस्पिरिन, मलम, थेंब, इनहेलर गेले. बाबांची प्रेडनिसोलोनची स्ट्रिप हातात घेतल्यावर मात्र थोडा वेळ थांबले. त्यावर त्यांच्या हातचं "सकाळी, पोट भरल्यावर" असं लिहिलेलं आहे. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. गोळ्या काढून मातीत कालवल्या. रिकामं वेष्टन माझ्या डायरीत आहे.

रात्री जेवणं झाल्यावर जुनं किट टेबलावर ठेवलं आणि सगळे गोल बसलो. "सराव" असं वहिनीने लिहिलं होतं. झाकण दादाने दाबलं. पावडर विरघळली, द्रावण स्वच्छ होतं. दादा म्हणाला, "बघ, चांगलंच होतं की." आई एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "असेल. पण मला ते तुम्ही चाचपडत शोधताना नकोय." मग तिने सिरिंज स्वतःच्या हातात घेतली, द्रावण ओढलं, आणि उशीत कुठे आणि किती खोल टोचायचं ते आम्हाला दोनदा करून दाखवलं.